रमाबाई रानडे : सेवासदनाची माउली



थोर पुरुषांच्या सहधर्मचारिणींची ओळख बहुधा पतीच्या नावापाशीच थांबते. रमाबाई रानडे यांनी ते नाव आदराने जपले. परंतु समाजाला दिलेले देणे त्यांचे स्वतःचे होते.

१८६२ साली देवराष्ट्रे येथील कुर्लेकर घराण्यात त्यांचा जन्म झाला. १८७३ मध्ये, वयाच्या अकराव्या वर्षी, त्यांचा विवाह महादेव गोविंद रानडे यांच्याशी झाला. विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्या रानड्यांनी वडिलांच्या आग्रहास्तव कुमारिकेशी लग्न केले, म्हणून त्यांच्यावर कठोर टीका झाली. रानड्यांनी पत्नीला अक्षरओळखीपासून शिकवले. सासरच्या वडीलधाऱ्या स्त्रियांना मात्र हे शिक्षण मुळीच रुचले नाही. टोमणे, अबोला हे सारे रमाबाईंनी उलट उत्तर न देता सोसले. पण पुस्तक खाली ठेवले नाही.

१९०१ साली रानडे निवर्तले. रमाबाईंनी तेव्हा चाळिशीही ओलांडली नव्हती. त्या काळच्या विधवेने घराच्या कोपऱ्यात जपमाळ ओढीत आयुष्य कंठावे, अशीच रीत होती. रमाबाईंनी येरवड्याच्या तुरुंगातील स्त्री-कैद्यांची विचारपूस सुरू केली. बेहरामजी मलबारी व दयाराम गिडूमल यांच्या प्रयत्नांतून १९०८ साली मुंबईत सेवासदन स्थापन झाले, त्याचे अध्यक्षपद त्यांनी स्वीकारले. पुढच्याच वर्षी, गोपाळ कृष्ण देवधर यांच्या साहाय्याने, पुण्याचे सेवासदन उभे राहिले.

तेथे लेखन-वाचन, शिवणकाम यांसोबत परिचारिकेचे शिक्षण मिळू लागले. परक्या रुग्णाची शुश्रूषा, रात्रीची पाळी ही कामे पांढरपेशा घरांना कमीपणाची वाटत. रमाबाईंनी आपली पुण्याई पणास लावून पालकांची समजूत घातली. ज्या विधवा भावाच्या वा दिराच्या दारी ओझे म्हणून राहत होत्या, त्यांतील कित्येक स्वतःच्या कमाईची भाकरी खाऊ लागल्या.

आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत मुलींना सक्तीचे प्राथमिक शिक्षण आणि स्त्रियांना मताधिकार मिळावा, यासाठी त्या झटल्या. १९२४ साली त्यांचे देहावसान झाले. १९६२ मध्ये भारत सरकारने त्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त टपाल तिकीट काढले. सेवासदन पुण्यात आजही कार्यरत आहे.

दात्याचे नाव शिळेवर कोरले जाते. परंतु ज्याला दान दिले, त्याला पुन्हा हात पसरावा लागला का, हा प्रश्न प्रत्येक संस्थेने स्वतःस विचारावा. रमाबाईंच्या सेवाकार्याचा बोध तोच आहे. त्या पुण्यस्मृतीस विनम्र अभिवादन!