ज्याचे काम, त्याची किल्ली
(हीरक महोत्सवानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



२३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीतील अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेची, म्हणजे ‘एम्स’ची संगणकव्यवस्था ठप्प झाली. रुग्णांची नोंदणी आणि तपासण्यांचे अहवाल हाताने कागदावर लिहावे लागले. ‘ई-हॉस्पिटल’ प्रणालीच्या पाच सर्व्हरांना झळ पोहोचली होती आणि सुमारे १.३ टेराबाइट माहिती अज्ञात हल्लेखोरांनी कुलूपबंद केली होती. बहुतेक सेवा पूर्ववत होण्यास दोन आठवडे लागले. नेटवर्कची योग्य विभागणी झालेली नव्हती, असे प्राथमिक कारण सरकारने पुढे संसदेत सांगितले. अशी विभागणी नसली की एका दालनात शिरलेल्यास पुढची दालनेही मोकळी मिळतात.

कोणी काय उघडावे, हा प्रश्न संगणकाहून पुष्कळ जुना आहे. शिवकालात गडाचा कारभार हवालदार, सरनोबत आणि सबनीस यांच्यात वाटलेला असे. कोठाराचा हिशेब कारखानीस पाहत असे. एकट्याच्या फितुरीने गड शत्रूच्या हाती जाऊ नये, हा त्यामागील विचार. त्या वाटणीत कोणाचा अपमान नव्हता. गडाची सुरक्षितता होती.

१९६०च्या दशकात एकच संगणक अनेकांनी एकाच वेळी वापरण्याची सोय झाली, तेव्हा हाच विचार यंत्रात आला. प्रत्येकास स्वतंत्र खाते आणि पासवर्ड मिळाला. १९६९ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत ‘युनिक्स’ प्रणालीचे काम सुरू झाले. तिने घालून दिलेली रीत आजच्या लिनक्स सर्व्हरवरही चालते. प्रत्येक फाइलीसंबंधी तीन पक्ष मानले जातात : मालक, त्याचा गट आणि इतर सर्व. परवानग्याही तीनच : वाचणे, लिहिणे आणि चालवणे. वाचण्याचा अंक ४, लिहिण्याचा २, चालवण्याचा १. त्यांच्या बेरजेने अधिकार ठरतो.

शाळेतील निकालाची फाइल घ्या. तिला ६४० हा अंक दिला, तर परीक्षाप्रमुखास वाचता आणि लिहिता येते, शिक्षकांच्या गटास केवळ वाचता येते, इतरांना ती उघडतच नाही. विषयशिक्षकाने आपले गुण आपल्या विषयाच्या फाइलीत भरावेत. एकत्रित निकालाला हात लावण्याचे त्याला कारण नाही. साल्त्झर आणि श्रोडर या अभ्यासकांनी १९७५ मध्ये हे तत्त्व सूत्ररूपाने मांडले : कामास लागेल तेवढाच अधिकार द्यावा, अधिक नको.

याचा लाभ संकटसमयी कळतो. घातक प्रणाली ज्या खात्यातून शिरते, त्या खात्याचेच अधिकार तिला प्रथम मिळतात. खाते मर्यादित असेल तर हानीही मर्यादित राहण्याची शक्यता वाढते. म्हणूनच ‘रूट’ किंवा ‘ॲडमिनिस्ट्रेटर’ हे सर्वाधिकारी खाते रोजच्या पत्रलेखनासाठी वापरू नये. त्याला फाइलींचे कुलूप सहसा अडवीत नाही. त्याच्या हातून झालेली चूकही अडत नाही.

व्यवहारात मात्र सोयीचा मोह आड येतो. कार्यालयात एकच पासवर्ड सर्वांना ठाऊक असतो, कधी तो पडद्याच्या कडेला चिकटवलेलाही असतो. मग फाइल कोणी बदलली याचा माग नोंदवहीत लागत नाही आणि निरपराधावरही संशय येतो. बदली झालेल्या वा निवृत्त झालेल्या व्यक्तीचे खाते वर्षानुवर्षे उघडे राहते. निरोप समारंभात शाल आणि श्रीफळ दिले जाते, त्याच दिवशी खातेही बंद व्हावे. वर्षातून एकदा सर्व खात्यांची यादी मुख्याध्यापकांसमोर वाचली जावी. माहितीची एक प्रत नेटवर्कपासून अलग ठेवावी. एम्समध्येही ई-हॉस्पिटलची माहिती परत मिळाली, ती झळ न पोहोचलेल्या बॅकअप सर्व्हरवरून.

साठ वर्षांच्या या शाळेजवळ साठ वर्षांचे जनरल रजिस्टर आहे. त्यातील जन्मतारखेच्या एका ओळीवर कोणाचे निवृत्तिवेतन तर कोणाचे पारपत्र अवलंबून असते. दिल्लीसारख्या परमुलखात, नोकरीनिमित्त गावोगाव फिरलेल्या मराठी कुटुंबांसाठी कित्येकदा तोच एक टिकलेला पुरावा असतो. ते रजिस्टर आता सर्व्हरवर जाईल. कपाटाची किल्ली कोणाकडे आहे, हे आजवर शाळेत साऱ्यांना ठाऊक होते. सर्व्हरच्या किल्लीविषयीही तितकेच स्पष्ट उत्तर शाळेजवळ असले पाहिजे.