मधला माणूस गेला, काम मात्र उरले



'समाजमाध्यमे : संवाद, शिक्षण आणि काम' हा आजचा विषय. या विषयावर बोलावयास उभे राहिले की दोन प्रकारची भाषणे आपोआप तोंडी येतात. एक आरतीचे, दुसरे शिव्याशापांचे. आम्हांस यांपैकी कोणतेच करावयाचे नाही. आम्ही आपणांपुढे एकच मुद्दा ठेवणार आहोत. या नव्या साधनांनी आपल्या व्यवहारातील मधला माणूस बाजूस सारला. तो गेला याचा आपल्याला आनंद झाला, आणि तो रास्तही होता. परंतु तो जे काम करीत होता ते नाहीसे झालेले नाही. ते आता कोणी करावयाचे, हा खरा प्रश्न आहे.

हा मधला माणूस कोण? बातमी आणि वाचक यांच्यामध्ये संपादक होता. ग्रंथ आणि विद्यार्थी यांच्यामध्ये शिक्षक होता. मालक आणि मजूर यांच्यामध्ये मुकादम होता. हे सारे साधुपुरुष होते असे कोणी समजू नये. ज्या वस्तीत बातमीदार कधी फिरकला नाही, तेथील दुःखे छापून आलीच नाहीत. मुकादमाने उचल देऊन माणसे बांधून ठेवली. म्हणून तांड्यावरच्या एखाद्या मुलीला हातातल्या फोनवरून आपले म्हणणे आपल्या बोलीत जगापुढे मांडता येते, ही गोष्ट चांगलीच म्हटली पाहिजे. तिच्याबद्दल कुरकुर करणारा मनुष्य बहुधा जुन्या व्यवस्थेत सुखाने बसलेला असतो.

आता प्रथम संवादाचे पाहू. आपल्या देशातील तारसेवा १५ जुलै २०१३ रोजी बंद झाली. तारेला शब्दागणिक पैसे पडत. त्यामुळे तार लिहिणारा प्रत्येक शब्द तोलून पाहत असे. पुढे तो मजकूर तारबाबूच्या नजरेखालून जाई. व्हॉट्सअ‍ॅप २००९ साली आले, आणि २०१६ पासून त्यावरील निरोप पाठविणारा व घेणारा यांच्याखेरीज मधल्या कोणालाही वाचता येत नाही. खाजगीपणाच्या दृष्टीने हे उत्तमच झाले. पण शब्दाला पैसा नाही आणि मध्ये कोणाची नजरही नाही, अशी स्थिती एकाच वेळी आली. तिचा परिणाम काय होऊ शकतो, हे महाराष्ट्राने १ जुलै २०१८ रोजी पाहिले.

त्या दिवशी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात, राईनपाडा या गावी आठवडी बाजार होता. नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजातील पाच माणसे तेथे भिक्षेसाठी आली होती. मुले पळविणारी टोळी फिरत आहे, अशी अफवा त्या दिवसांत फोनाफोनांतून पसरलेली होती. जमावाने त्या पाचांना धरले, ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडले आणि मरेपर्यंत मारले. परका माणूस गावात आला तर 'कोण, कोठला, कशासाठी आलास' हे जेथे विचारावयाचे, ती जागा हीच. त्याच जागी ते प्रश्न विचारले गेले नाहीत.

त्या काळात देशभर फिरलेल्या चित्रफितींपैकी एक मुळात पाकिस्तानात, कराची शहरात, मुलांच्या सुरक्षिततेविषयी लोकांना जागे करण्यासाठी तयार केलेली होती. तिच्यात मोटारसायकलवरचे दोघे मूल उचलून नेतात, मग परत आणून सोडतात आणि सावधगिरीचा फलक दाखवितात. कोणी तरी तो शेवट कापून टाकला. एखादा संपादक मध्ये असता तर त्याने विचारले असते, 'हे कोठले? पुढे काय झाले?' लक्षावधी हातांतून ती फीत गेली. पण हे दोन प्रश्न विचारणारे हात फार थोडे निघाले. पुढे पाठविणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या मनात दुष्टावा नव्हता. आपल्या लेकरांची काळजी होती. आम्हांस भय वाटते ते याचेच. चांगल्या हेतूने पाठविलेला निरोपही खोटा असू शकतो, आणि त्या खोट्याने माणूस मरू शकतो.

त्याच जुलै महिन्यात, असा निरोप एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी पुढे धाडता येणार नाही, अशी मर्यादा कंपनीने भारतात घातली. २०१९ मध्ये ती जगभर लागू झाली. एप्रिल २०२० मध्ये, फार वेळा फिरलेला निरोप एका वेळी एकाच ठिकाणी पाठविता येईल असे ठरले, आणि असे निरोप सुमारे ७० टक्क्यांनी घटल्याचे कंपनीनेच सांगितले. म्हणजे काय झाले? काढून टाकलेला थांबा यंत्राला पुन्हा घालावा लागला. परंतु यंत्र मोजू शकते. ते खरेखोटे ठरवीत नाही. ते काम आपलेच राहिले.

शिक्षणाकडे वळू. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० साली 'ग्लोबल टीचर प्राइज' हे दहा लाख डॉलरचे पारितोषिक मिळाले, आणि त्यातील निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. पाठ्यपुस्तकात छापलेल्या क्यूआर कोडमुळे त्यांचे नाव झाले. पण पारितोषिक देणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट नोंदविली आहे. मुलींची घरची भाषा कन्नड होती आणि पुस्तके त्या भाषेत नव्हती. या शिक्षकाने ती पुस्तके त्यांच्या भाषेत आणली. कोडाचा चौकोन कोणत्याही पुस्तकावर छापता येतो. समोरच्या मुलीला काय समजलेले नाही, हे ओळखणारा माणूस त्यामागे होता, म्हणून तो चौकोन कामी आला. २०२२ च्या अखेरीपासून तर विचारताक्षणी निबंध लिहून देणारी साधने घरोघर पोहोचली आहेत. उत्तर आता स्वस्त झाले. शंका घेणे, ताडून पाहणे, 'हे तुला कशावरून कळले?' असे विचारणे मात्र अजून शिकवावेच लागते.

राहिला प्रश्न कामाचा. घरपोच जेवण आणणारा तरुण आपण रोज पाहतो. २०२०-२१ साली अशी कामे करणारे सुमारे ७७ लाख लोक देशात होते, असा नीती आयोगाचा २०२२ मधील अंदाज आहे. येथे मुकादम गेला असे दिसते. वस्तुतः तो फोनात जाऊन बसला आहे. जुन्या मुकादमाशी भांडता येत होते, त्याच्या दारात धरणे धरता येत होते. या नव्या मुकादमाला तोंड नाही. गिऱ्हाइकाने दिलेले तारे मोजून तो काम देतो, आणि एखाद्या सकाळी खाते बंद करतो. कारण कोणाला विचारावे, हे त्या तरुणास उमगत नाही.

महाराष्ट्राला हा पेच नवा नाही. बाजारपेठेत ओझी वाहणाऱ्या माथाडी कामगारालाही एक असा मालक नव्हता; आज या गाळ्यावर, उद्या त्या गाळ्यावर. अण्णासाहेब पाटलांनी त्यांची संघटना उभी केली आणि १९६९ साली माथाडी कायदा झाला. कामगार व व्यापारी यांच्यामध्ये मंडळ आले. नोंदणी, मजुरी, भविष्यनिर्वाह निधी यांची जबाबदारी त्याने घेतली. मधला माणूस नको म्हणून आम्ही मोकळे झालो नाही. उत्तरदायी असा मधला माणूस आम्ही कायद्याने निर्माण केला. राजस्थानने २०२३ साली अशा फोनवरच्या कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा केला, त्यामागील विचार याहून फार वेगळा नाही.

तेव्हा आमचे म्हणणे एवढेच. निरोप पुढे धाडणारा केवळ टपालवाला नसतो. तो त्या निरोपाचा संपादक असतो, आणि छापल्याची जबाबदारी त्याच्यावर येते. मुलाच्या हाती फोन देणाऱ्या घराने त्याला उलट प्रश्न विचारण्याची सवयही द्यावी. आणि दारात आलेल्या तरुणाला तारे देताना आपण कोणाच्या तरी रोजगारावर सही करीत आहोत, हे ध्यानात ठेवावे. पहिली दोन कामे घरात, गावात होण्याजोगी आहेत; तिसऱ्यासाठी कायदाही लागेल, आणि तो मागणे हे आपले सर्वांचे काम आहे.