वाण यशस्वी झाला, हे कोणी ठरवायचे?

(रब्बी ज्वारी मेळाव्यातील भाषण)



नवीन वाण प्रसारित झाला की त्याच्या उत्पादनाचे आकडे छापून येतात. ते खोटे नसतात, पण ते प्रक्षेत्रावरचे असतात. तेथे जमीन सपाट, पेरणी वेळेवर आणि मजूर हाताशी असतात. वाणाची खरी परीक्षा तुमच्या रानात होते. फुकटचे मिनीकिट संपल्यावर, दुसऱ्या वर्षी, शेतकरी तेच बियाणे पदरचे पैसे देऊन मागतो काय? मागत असेल तर वाण यशस्वी झाला.

मालदांडी ३५-१ चेच उदाहरण घ्या. १९३० च्या दशकात मोहोळ येथे स्थानिक मालदांडीतून निवड करून हा वाण काढला. पुढे १९६४ मध्ये सीएसएच-१ हा देशातील पहिला संकरित ज्वारीचा वाण आला आणि खरिपात संकरित ज्वारी झपाट्याने पसरली. पोती वाढली, पण काढणीच्या वेळी पाऊस लागला की दाणा काळा पडतो आणि भाव उतरतो, हेही शेतकऱ्यांनी पाहिले. रब्बीत मात्र मालदांडी हटली नाही. टपोरा, मोत्यासारखा दाणा, गोड भाकरी, जनावरे आवडीने खातात असा कडबा आणि सरत्या ओलीवर तग धरण्याची ताकद, हे सारे शेतकरी एकत्र तोलतो. केवळ क्विंटल मोजणाऱ्याला हे कळत नाही.

यातून संशोधनाचीही दिशा बदलली. एकच वाण सर्व जमिनींसाठी न देता राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने हलक्या जमिनीसाठी फुले अनुराधा, मध्यम जमिनीसाठी फुले सुचित्रा आणि भारी जमिनीसाठी फुले वसुधा असे वाण दिले.

तुमच्या रानात यापैकी कोणता बसतो, हे तुम्हीच तपासा. पद्धत सोपी आहे.

१) एकाच रानात, सारख्या खोलीच्या जमिनीत, नवा व नेहमीचा वाण शेजारी शेजारी पेरा. पेरणी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर या काळात, एकाच दिवशी करा. खत व मशागत दोन्हींना सारखीच द्या.

२) काढणीला प्रत्येकी १ गुंठा मोजून घ्या. दाण्याचे वजन गुणिले ४० केले की एकरी उत्पादन कळते. कडबाही वेगळा तोला.

३) दाणे व कडबा यांची बाजारभावाने किंमत काढा आणि खर्च वजा करा.

४) घरात भाकरी करून पाहा. घरच्या बायकांचे मत वहीत लिहा. जनावरांनी कडबा टाकला की संपवला, तेही लिहा.

एका वर्षाच्या पावसावर निकाल देऊ नका. दोन-तीन हंगाम पाहा.

शेवटी एक विनंती. वाण आवडला तर तुम्ही सांगताच. पण सोडून दिला, तर का सोडला, हे जवळच्या संशोधन केंद्राला पोस्टकार्डाने जरूर कळवा. पुढचा वाण त्या पोस्टकार्डातूनच सुधारतो.