तो भांग आणि ती भांग

मराठी भाषेत ‘भांग’ हा शब्द दोन लिंगांत वावरतो. तो भांग आपण सकाळी आरशासमोर उभे राहून फणीने पाडतो. ती भांग महाशिवरात्रीला काही मंडळी घोटून पितात. लिंगविचार शिकवताना हे उदाहरण मी वर्षानुवर्षे देत आलो आहे, आणि मागच्या बाकांवरून हमखास हशाही मिळवीत आलो आहे. पण ह्या दोन भांगांची खरोखरच गाठ पडेल, आणि तीही आमच्या वाशीमला, असे मात्र कधी वाटले नव्हते.

२०२५ च्या जानेवारीतली गोष्ट. बी. ए.च्या शेवटच्या वर्षाची एक विद्यार्थिनी तास संपल्यावर मागे थांबली. ओढणी डोक्यावरून घट्ट घेतलेली. पिशवीतून तिने एक काचेची बाटली काढली. बाटलीवर भांगेचे हिरवे पान आणि बारीक इंग्रजी मजकूर. “सर, ह्यावर काय लिहिलंय ते जरा वाचून सांगता का?” मोबाइलवर जाहिरात पाहून तिने ती मागवली होती. किंमत म्हणाल, तर जवळजवळ अर्ध्या क्विंटल सोयाबीनची. वडिलांना अर्थातच पत्ता नव्हता. फणीत रोज पुंजका येतो, भांग रुंद होत चालला आहे, माय सारखी म्हणते, “पोरीचे केसं गयून रायले,” आणि उन्हाळ्यात पाहुणे बघायला यायचे आहेत! मग आवाज खाली आणून तिने खरा प्रश्न विचारला, “सर, शेगावकडं झालं तसं तर नाही ना हे?”

ती भीती वावगी नव्हती. शेगाव आपल्याला परके नाही. आपल्या जिल्ह्यातून माणसे तेथे पायी दर्शनाला जातात. त्याच शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत २०२४ च्या डिसेंबरअखेरीस माणसांचे केस गळू लागले. गळू लागले म्हणजे कसे, तर आज खाज, उद्या मुठीत केस, आणि तीन-चार दिवसांत टक्कल! बायका, पोरे, म्हातारे, कोणी सुटले नाही. प्रथम पाण्यावर संशय गेला, मग बुरशीवर, शाम्पूवरही गेला. पुढे डॉ. हिंमतराव बावस्कर (विंचूदंशावरच्या संशोधनाकरिता जगाला ठाऊक असलेले महाडचे डॉक्टर) त्या गावांत गेले. त्यांच्या तपासणीत रोग्यांच्या रक्तात सेलेनियम नावाचे द्रव्य ३५ पटींनी, लघवीत ६० पटींनी आणि केसांत तर १५० पटींनी वाढलेले आढळले. त्यांनी बोट ठेवले ते रेशनच्या गव्हावर. हा गहू पंजाब-हरियाणाकडचा. पंजाबात होशियारपूर-नवांशहर भागातल्या काही जमिनींत सेलेनियम फार आहे, ही गोष्ट शेतीशास्त्रज्ञांना पुष्कळ आधीपासून माहीत आहे. आता सेलेनियम शरीराला लागतेच, पण अगदी कणभर. जास्त झाले की केसांवर आणि नखांवर उठते. म्हणजे पाहा, डोक्यावरच्या दुखण्याचा माग ताटापर्यंत जाऊन पोहोचला. तेथे डोक्याला कोणतेही तेल चोळले असते, तरी काय उपयोग होता?

मुलीला मी म्हटले, “तुझं तसं दिसत नाही. तुझं हळूहळू चाललंय, आणि घरात दुसऱ्या कोणाचं काही नाही. पण मी मराठीचा मास्तर. डॉक्टरला दाखव.” बाटली मात्र ठेवून घेतली आणि आमच्या रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांकडे गेलो.

त्यांनी चष्मा वर करून लेबल वाचले आणि हसले. जाहिरातीत ‘सीबीडी’चा गजर होता, बाटलीत होते ते भांगेच्या बियांचे तेल. ह्या दोहोंत जमीन-अस्मानाचा फरक आहे, बरे का! सीबीडी, म्हणजे कॅनाबिडिऑल, हे ह्या झाडाच्या फुलोऱ्यात आणि पानांत असते. त्याने नशा चढत नाही. मुलांच्या काही दुर्मिळ अपस्मारांवर ते औषध म्हणून अमेरिकेत २०१८ साली मान्यही झाले. बियांच्या तेलात ते जवळजवळ नसतेच. बियांचे तेल हे आपल्या जवसाच्या तेलाचे भावंड समजा; कुमाऊँ-गढवालकडे ह्या बियांची चटणी करतात. आपल्याकडे १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्याने फुलोरा, म्हणजे गांजा, निषिद्ध ठरविला. नुसती पाने आणि बिया त्या व्याख्येतून वगळल्या. आयुर्वेदात ह्याच वनस्पतीला ‘विजया’ म्हणतात, आणि त्या नावाची औषधे वैद्याच्या चिठ्ठीने मिळतात.

बरे, बाटलीत खरोखरच सीबीडी असते तर? २०२१ साली अमेरिकेत एक प्रयोग प्रसिद्ध झाला. केस विरळ झालेल्या ३५ जणांनी सहा महिने ते रोज टाळूला लावले, आणि केसांची संख्या सरासरी ९३ टक्क्यांवर वाढली. आकडा ऐकून कोणाच्याही तोंडाला पाणी सुटेल. परंतु साधे तेल लावणारी दुसरी तुकडी त्यात नव्हतीच. तुलनेला कोणी नाही, तर श्रेय कोणाचे हे कसे ठरवायचे? आणि गंमत अशी की, प्रयोगशाळेत केसांच्या मुळांवर हेच द्रव्य जास्त मात्रेत घातले, तेव्हा वाढ थांबून केस गळतीच्या वाटेला लागले. म्हणजे आशेला थोडी जागा आहे. पैसे मोजावेत इतका पुरावा नाही.

तुलनेचा मी एवढा आग्रह का धरतो, ते त्या मुलीच्याच बाबतीत कळून आले. केस एकसारखा वाढत नाही. काही वर्षे वाढतो, दोन-तीन आठवडे थबकतो, सुमारे तीन महिने विसावा घेतो आणि मग गळतो. रोज पन्नास ते शंभर केस गळणे हा निसर्गक्रम आहे. मोठा ताप, बाळंतपण, मोठे आजारपण अशा धक्क्याने पुष्कळ केस एकदम विसाव्याला जातात आणि तीन महिन्यांनी एकदमच गळू लागतात. मुलीला डॉक्टरांनी विचारले, “मध्यंतरी ताप आला होता का?” ऑक्टोबरात डेंग्यू झाला होता! शिवाय तपासणीत रक्त कमी निघाले. लोहाच्या गोळ्या आणि धीर, एवढेच औषध त्यांनी दिले.

असे गळलेले केस बहुधा आपणहून परत येतात, सहा महिन्यांनी म्हणा, वर्षाने म्हणा. आणि नेमक्या त्या काळात जी बाटली हाताशी असते, तिची कीर्ती होते! शेजारीण सांगते, “मला ह्यानेच गुण आला,” आणि ती खोटे बोलत नसते. शेगावकडेही पुढे पुष्कळांच्या डोक्यावर केस पुन्हा उगवू लागले. तेथे त्या दिवसांत कोणी तेल विकायला बसला असता, तर आज तो मोठा वैद्य म्हणून मिरवत असता.

उलट आमच्यासारख्या पुरुषांचे कपाळ मागे सरकते ते वंशपरंपरेने. ते आपणहून परतत नाही. त्यावर मिनॉक्सिडिल नावाचे औषध आहे. मुळात ते रक्तदाबाचे. घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढू लागले तेव्हा डॉक्टरांच्या ध्यानात आले, आणि १९८८ साली अमेरिकेत टाळूला लावण्यासाठी ते मान्य झाले. तुलनेच्या परीक्षेत ते उतरले आहे, पण लावणे सोडले की मिळालेले केसही जातात. मी स्वतः त्या भानगडीत पडलो नाही. आळस हे एक कारण, आणि आमच्या सौभाग्यवतींनी कधी तक्रार केली नाही हे दुसरे.

पाहुणे उन्हाळ्यात आले नाहीत. मुलीनेच घरी सांगून बोलणे पुढे ढकलले आणि एम. ए.ला नाव घातले. दिवाळीच्या सुट्टीआधी ती भेटली तेव्हा ओढणी खांद्यावर होती. कपाळाजवळ बोटभर नवे केस उभे राहिले होते, आणि ते काही केल्या भांगात बसत नाहीत, अशी तिची आता तक्रार होती. बाटली परत देऊ लागलो, तर म्हणाली, “राहू द्या सर, तुम्हालाच ठेवा.” आणि माझ्या कपाळाकडे पाहून तिने पटकन मान खाली घातली.