मुक्तद्वार ग्रंथालय

गोष्ट १९०७ सालाच्या थोडी आधींची आहे. मुंबईंत चर्नी रोडच्या बागेंत शाळा सुटल्यावर एक विद्यार्थी पुस्तक घेऊन बसत असे. परळच्या चाळींतील एका खोलींत सारें कुटुंब राहात असल्यामुळें घरीं निवांतपणा कसला तो नव्हताच. शाळेंत त्याला संस्कृत शिकावयाचें होतें. परंतु महार जातींत जन्मल्याच्या कारणानें तें मिळालें नाहीं आणि फारसीवर समाधान मानावें लागलें.

त्या बागेंत संध्याकाळीं कृष्णाजी अर्जुन केळुसकर येत. व्यवसायानें ते शिक्षक. शिवाय मराठींतील नामांकित चरित्रकार. परक्या शाळेच्या विद्यार्थ्याची आपण होऊन विचारपूस करणारे शिक्षक कोणत्याहि काळीं थोडेच. केळुसकरांनीं ती केली, आणि त्या मुलाला वाचावयास पुस्तकें देऊं लागले. तो मुलगा म्हणजे भीमराव आंबेडकर. १९०७ सालीं तो मॅट्रिक झाला, तेव्हां त्याच्या अभिनंदनासाठीं भरलेल्या सभेंत केळुसकरांनीं स्वतः लिहिलेलें गौतम बुद्धाचें चरित्र त्याला भेट दिलें. त्या लहानशा भेटीचें मोल पुढें १९५६ सालीं नागपुरास साऱ्या देशाला कळून आलें.

आपल्याकडे ‘ज्ञानदान’ हा शब्द मोठ्या गौरवानें उच्चारला जातो. परंतु दान म्हटलें कीं पात्रापात्रतेचा विचार आला, आणि पात्रता ठरविण्याचा अधिकार दात्याकडे गेला. शतकानुशतकें तो अधिकार जन्म पाहून बजावला गेला. केळुसकरांनीं असली तपासणी केली नाहीं. मुलाला वाचावयाचें आहे, एवढेंच त्यांना पुरेसें होतें. तरीहि एक प्रश्न उरतोच: त्या दिवसांत केळुसकर दुसऱ्या एखाद्या बागेंत फिरावयास जात असते तर? कोट्यवधि लोकांचें भवितव्य एका सज्जनाच्या सायंकाळच्या फेरीवर सोंपविणें बरें नव्हे.

बाकावर बसून एका माणसानें जें केलें, तें राज्याच्या व्यवस्थेनें घडवून आणण्याचा यत्न सयाजीराव गायकवाड महाराजांनीं बडोद्यास केला. १८९३ सालीं अमरेली भागांत आणि १९०६ सालीं सबंध राज्यांत त्यांनीं प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचें केलें. परंतु चार यत्ता शिकलेला मुलगा एकदां नांगराला लागला कीं अक्षरें विसरूं लागतो, कारण गांवांत वाचावयास कांहींच नसतें. तेव्हां १९१० सालीं अमेरिकेहून विल्यम बोर्डन ह्या ग्रंथपालांना पाचारण करून ग्रंथालयांचें स्वतंत्र खातें उघडण्यांत आलें. राजवाड्यांतील सुमारें २०,००० ग्रंथांचा खासगी संग्रह मध्यवर्ती ग्रंथालयाच्या रूपानें लोकांच्या हातीं आला. गांवच्या ग्रंथालयाच्या खर्चाचा एक हिस्सा गांवकऱ्यांनीं, एक पंचायतीनें आणि एक सरकारनें उचलावा, असें ठरलें. जेथें ग्रंथालय नसे तेथें पुस्तकांनीं भरलेली पेटी जाई, आणि तिचें भाडेंहि सरकारच भरी. निरक्षरांसाठीं मॅजिक लँटर्नचे खेळ होत.

ह्यांतील भाड्याची गोष्ट क्षुल्लक वाटेल. पण ती तशी नाहीं. ब्रिटिश मुलखांत गांवोगांवीं ‘जनरल लायब्ररी’ निघाल्या होत्या खऱ्या; परंतु त्या बहुधा वर्गणीवर चालत. वर्गणीचा आंकडा सुखवस्तु माणसाला दिसतहि नाहीं. मजुराला मात्र तो आंकडा पुढें मीठ-मिरचीच्या हिशेबांत आडवा येतो, आणि पुस्तक तेथेंच राहतें.

केळुसकरांच्या शब्दावरून ह्याच महाराजांनीं भीमरावांना कॉलेजच्या शिक्षणासाठीं दरमहा २५ रुपये दिले, आणि १९१३ सालीं शिष्यवृत्ति देऊन न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत पाठविलें. तेथें ग्रंथालयाच्या दारांत जात आडवी आली नाहीं. पोटाला चिमटा घेऊन त्यांनीं जुन्या बाजारांतून सुमारें २००० ग्रंथ जमविले. दुर्दैवानें ते भारतांत पोंचतां पोंचतां पुष्कळसे गहाळ झाले.

येथवरची कथा कानाला गोड लागते. १९१७ सालीं आंबेडकर बडोद्यास नोकरीवर रुजू झाले, आणि मुक्तद्वार ग्रंथालयाच्या त्या नगरींत त्यांना राहावयास घर मिळेना. कचेरींतील शिपाई कागद दुरून फेंकीत. पारशी नांव धारण करून ते एका पारशी विश्रामगृहांत उतरले. तेथूनहि काठ्या घेऊन आलेल्या लोकांनीं त्यांना घालवून दिलें. इतका विद्वान् पुरुष त्या दिवशीं कामाठी बागेंत बसून रडला. चर्नी रोडची बाग आणि ही बाग, दोहोंमध्यें दहा-बारा वर्षांचें अंतर!

मोफत ग्रंथांनीं काय साधलें, असें कोणी येथें विचारलें तर तो प्रश्न अन्यायाचा म्हणतां येणार नाहीं. ग्रंथालयाचें दार उघडल्यानें शेजाऱ्याचें दार उघडत नाहीं. मात्र ह्या वेळीं एक गोष्ट निराळी घडली. असला अपमान त्यापूर्वीं असंख्य माणसांनीं निमूटपणें गिळला होता, आणि त्याची कोठें नोंदहि झाली नव्हती. आंबेडकरांनीं तो तपशीलवार लिहून ठेवला. आणि पुढें ज्या लेखणीनें राज्यघटनेचा मसुदा सिद्ध झाला, ती लेखणी तीच.

दादरला त्यांनीं ‘राजगृह’ बांधलें तें मुख्यतः ग्रंथांसाठीं. १९४६ सालीं मुंबईंत सिद्धार्थ कॉलेज सुरू झालें, तेव्हां आपल्या संग्रहांतील पुष्कळ ग्रंथ त्यांनीं त्या कॉलेजाला दिले. नोकरी करणाऱ्या मुलांना वेळेवर कचेरी गांठतां यावी, म्हणून तेथील वर्ग सकाळीं भरत.