कल्हई आणि आगगाडीचे इंजिन

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



विणकाम-भरतकामावर अधिकाराने बोलणाऱ्या पुष्कळ जणी येथे आहेत. मी मात्र आगगाडीच्या इंजिनाविषयी बोलणार आहे. भिऊ नका, ते तळहातावर मावते! खऱ्या इंजिनाच्या एका फुटास ४ मिलिमीटर हे त्याचे माप. रुळांतील अंतर १६.५ मिलिमीटर. मुलाने विलायतेहून ह्यांच्यासाठी सुट्या भागांची पेटी पाठविली होती. ह्यांनी चाकांचा सांगाडा जोडला, आणि मग हे गेले. दोन वर्षे पेटी कपाटातच होती.

शेवटी मी ती उघडली. पितळी पत्र्याचे भाग सोडवून घ्यायचे, वाकवायचे आणि डाग देऊन जोडायचे. पहिल्या दिवशी डाग धरेचना. कथील मण्यासारखे घरंगळून जाई. तेव्हा कल्हईवाला आठवला. तो आधी भांडे घासतो, तापवितो, नवसागर टाकतो, मगच कथील फिरवितो. येथे नवसागराच्या जागी पातळ फॉस्फरिक आम्ल. पत्रा लख्ख घासला, आम्लाचा थेंब लावला आणि डागणी कथलावर न धरता पितळेवर धरली. कथील क्षणात फटीत पाझरले. नंतर भाग धुवावा मात्र, नाहीतर कळंक चढतो.

आता ह्यांचा सांगाडा. काचेवर ठेवला तर मुळीच डुगडुगत नव्हता. दोन्ही बाजूंच्या खुंट्याही एकमेकींशी काटकोनात होत्या. तरी जोडदांडे चढविले की चाके दर फेऱ्यात एकदा अडकत. आसांची भोके ह्यांनी नकाशावरून घेतली होती. ती घ्यावयाची दांड्यांवरून. दोहोंतील अंतरात केसाचाही फरक चालत नाही.

म्हणजे ह्यांच्या हातचा डाग वितळवायचा. तापलेली डागणी घेऊन मी किती वेळ बसून राहिले, ते सांगत नाही. मग मागची पितळी बुशे सोडविली, भोके कानशीने किंचित मोठी केली, आस आणि दांडे जागेवर ठेवूनच बुशे पुन्हा बसविली. चाके फिरली.

धुराडे आणि घुमट मऊ पांढऱ्या धातूचे. त्यांना ७० अंशांवर वितळणारा वेगळा डाग लागतो. हे कळण्यापूर्वी एका घुमटाचे पाणी झाले. दुसरा मागवावा लागला.

सांगाड्याच्या पुढल्या बाजूस ह्यांचे दोन डाग आहेत, जाडसर, ओघळलेले. ते मी घासले नाहीत. इंजिन मागच्या टेबलावर ठेवले आहे. जरूर पाहा, पण धुराड्याला धरून उचलू नका.