घरच्या संगणकाची स्मृति वाढवावी काय?

संगणक मंद चालूं लागला म्हणजे घरांत पहिला उपाय सुचविला जातो तो बहुधा एकच असतो: रॅम वाढवा. शेजारी तेंच सांगतो, कचेरींतील स्नेही तेंच सांगतो, आणि दुकानदार तर तें सांगण्यासाठींच बसलेला असतो. सल्ला कांहीं वेळां अगदीं योग्य ठरतो. परंतु नाडी न पाहतां दिलेल्या काढ्यासारखा तो आहे. गुण आला तर वैद्याचें नांव होतें, न आला तर पैसे मात्र रोग्याचे जातात.

ठाकुर्लीसारख्या वस्तींत हा प्रश्न आज अनेक घरांपुढें उभा आहे. २०२० च्या टाळेबंदींत शाळा घरांत आल्या, तेव्हां कल्याण-डोंबिवलीच्या पट्ट्यांतील किती तरी कुटुंबांनीं पोटाला चिमटा घेऊन संगणक विकत घेतले. त्यांतील पुष्कळांत चार किंवा आठ जीबी रॅम होती व तेवढी तेव्हां पुरलीही. त्या वेळीं सातवींत असलेली मुलगी आतां महाविद्यालयांत आहे. यंत्र मात्र तेंच आहे. अशा एखाद्या घरांत वडील सकाळच्या धिम्या लोकलनें मुंबईस जातात, आई दुपारीं त्याच यंत्रावर गृहनिर्माण संस्थेचे हिशेब लिहिते, आणि रात्रीं मुलीचा अभ्यास सुरू झाला कीं यंत्राची पावलें जड होतात. नवा संगणक घ्यावा तर शिकवणीची फी अडते, आणि कांहींच न करावें तर अभ्यास अडतो. मधला मार्ग म्हणून रॅमकडे बोट दाखविलें जातें. तो खरोखर मार्ग आहे काय, हें पैसे देण्यापूर्वीं पाहावयास हवें.

रॅम म्हणजे काय हें समजण्यास स्वयंपाकघराइतकें जवळचें उदाहरण दुसरें नाहीं. संगणकाची डिस्क हें फडताळ आणि रॅम हा ओटा. फडताळांत वर्षाचें धान्य मावेल. पण फोडणी घालतांना मोहरी, हळद आणि चिरलेली भाजी ओट्यावरच हाताशीं असावी लागते. ओटा लहान असला म्हणजे एक डबा परत ठेवल्याशिवाय दुसरा काढतां येत नाहीं, व सगळा वेळ स्वयंपाकापेक्षां उचलठेवींतच जातो. रॅम भरली कीं संगणकही हेंच करूं लागतो. सध्यां न लागणारा मजकूर तो डिस्कवर नेऊन ठेवतो आणि लागतांच परत आणतो. ही उचलठेव वाढली कीं खिडकी उघडण्यास मिनिट लागतें आणि उमटलेलें अक्षर बोटांमागून रेंगाळत येतें.

ओटा आणि फडताळ यांत आणखी एक भेद आहे. वीज गेली कीं ओटा पार पुसला जातो, फडताळ जसेंच्या तसें राहतें. रॅममधील एकेक अंक एकेका अतिसूक्ष्म विद्युत्साठ्यांत ठेवलेला असतो, आणि हे साठे गळक्या हंड्यांसारखे असतात. एक ट्रान्झिस्टर व एक साठा अशी ही साधी रचना अमेरिकेंतील आयबीएम कंपनीचे रॉबर्ट डेनार्ड यांनीं शोधून काढली व तिचें पेटंट १९६८ सालीं मिळालें. गळती भरून काढण्यासाठीं यंत्र प्रत्येक साठा साधारणतः ६४ सहस्रांश सेकंदांच्या आंत पुन्हां भरीत असतें. वीज थांबली कीं भरणें थांबतें, आणि जतन न केलेला निबंध नाहींसा होतो तो यामुळेंच. त्यावर रॅम वाढविणें हा उपाय नव्हे.

मुंबईंत टाटा मूलभूत संशोधन संस्थेनें बांधलेला टिफ्रॅक हा संगणक १९६० सालीं रीतसर कामास लागला. त्याची स्मृति फेराइटच्या बारीक कड्यांची होती व तींत प्रत्येकी ४० अंकांचे २,०४८ शब्द मावत, म्हणजे आजच्या हिशेबानें सुमारें दहा किलोबाइट. आठ जीबीची रॅम याच्या आठ लक्ष अडतीस हजार पटींहून मोठी भरते. टिफ्रॅकवर शास्त्रज्ञांनीं गंभीर गणितें केलीं. मग आठ जीबींत एका विद्यार्थिनीचा अभ्यास कां मावूं नये, असें कोणी विचारील. उत्तर असें कीं आजचे वेबपृष्ठ हें केवळ पान राहिलेलें नाहीं. त्याबरोबर चित्रें येतात, चलच्चित्रें येतात, आज्ञावलींचा मोठा लवाजमा येतो, आणि न्याहाळक, म्हणजे ब्राउझर, सुरक्षिततेसाठीं उघड्या पृष्ठांना स्वतंत्र जागा देत जातो. वीस पृष्ठें उघडीं ठेवून तक्रार करणें म्हणजे पंगतीची भांडीं एका ओट्यावर मांडून ओट्याला दोष देणें होय. पण हाही निवाडा मोजमापाशिवाय करूं नये.

मोजमाप कसें करावें याचा धडा ठाकुर्लीच्या जुन्या वीजघरानें कधींच घालून दिलेला आहे. जी. आय. पी. रेल्वेचा कल्याण-पुणें मार्ग १९२९ सालीं विजेवर आला; त्या सुमारास विजेच्या गाड्यांसाठीं रेल्वेनें चोळें येथें स्वतःचें वीजघर उभारलें. तें आतां बंद झालें आहे, तरी त्याचें नांव गांवकऱ्यांच्या तोंडीं आहे. अशा वीजघराची शक्ति ठरवितांना इंजिनियर दिवसभराची सरासरी काढून स्वस्थ बसत नाहीं. बोरघाट चढणारी गाडी आणि गर्दीच्या वेळच्या लोकल एकाच घटकेस वीज मागतील तेव्हां मागणी किती होईल, हें तो पाहतो. दुपारीं निम्मीं यंत्रें स्वस्थ असलीं तरी त्यावरून वीजघर मोठें झालें असें ठरत नाहीं. रॅमचेंही तसेंच आहे. यंत्र नुकतेंच सुरू करून, रिकाम्या पडद्यावर, रॅम पुरेशी आहे असें म्हणणें निरर्थक होय. तिची परीक्षा रात्रीं नऊ वाजतां, मुलीचा वर्ग, तिचीं टिपणें आणि आईचा हिशेब हीं सर्व उघडीं असतांना घ्यावी.

विंडोजच्या यंत्रावर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबल्या कीं टास्क मॅनेजर उघडतो. त्यांत प्रोसेसर, मेमरी व डिस्क यांचे तीन आंकडे शेजारीं शेजारीं दिसतात. तीन-चार रात्री, यंत्र अडूं लागेल त्याच क्षणीं, हे आंकडे कागदावर उतरून घ्यावेत. मेमरी नव्वद टक्क्यांच्या पलीकडे आणि डिस्क शंभराच्या घरांत असेल, तर उचलठेव चालू आहे व ओटा खरोखरच अपुरा आहे. मेमरी निम्म्यावर असून डिस्कच शंभरावर असेल, तर दोष फडताळाचा. आणि प्रोसेसर शंभरावर असेल तर रॅम घेऊन कांहीं साधावयाचें नाहीं. हात मंद असतां ओटा वाढवून स्वयंपाक लवकर होत नाहीं. येथें एक सावधगिरी हवी. मेमरी सत्तर टक्के भरलेली दिसली म्हणून घाबरूं नये. रिकामी रॅम वायां जाऊं नये म्हणून यंत्र पुढें लागेलसें वाटणारें सामान तिच्यावर आधींच मांडून ठेवतें व जागा हवी होतांच उचलतें. भरलेली रॅम हें दुखणें नसून आरोग्यही असूं शकतें.

जुन्या यंत्रांत दोष फडताळाचा निघण्याचा संभव बराच असतो. फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क हें माळ्यावरचें फडताळ. प्रत्येक वेळीं स्टूल लावून चढावें लागतें. फिरते भाग नसलेली एसएसडी हें हाताशीं असलेलें. ज्या घरांत अजून तबकडीची डिस्क आहे व रॅम आठ जीबी आहे, तेथें पहिला रुपया एसएसडीवर खर्च करावा असेंच बहुतेक वेळां ठरेल. यंत्र चालू होण्यापासून सर्वत्र फरक दिसतो, आणि रॅम कमी पडून होणारी उचलठेवही मग पूर्वींइतकी जाचत नाहीं. रॅम चार जीबी असेल तर मात्र आजच्या दिवसांत ती आठ करणें बहुधा सार्थकीं लागतें. आठाच्या सोळा करण्यास आंकड्यांचा पुरावा हवा. सोळाच्या बत्तीस करण्याचा विचार चलच्चित्रांचें संपादन किंवा तत्सम जड काम करणाऱ्यांनीं करावा. इतर घरांत तो केवळ हौसेचा विषय आहे.

पुरावा रॅमच्या बाजूनें पडला तरी यंत्र ती स्वीकारील कीं नाहीं, हा प्रश्न उरतोच. कित्येक पातळ लॅपटॉपांत रॅम मुख्य फलकावर झाळलेली असते. तेथें वाढविण्यास जागाच नाहीं. पट्ट्यांच्या पिढ्याही वेगळ्या आहेत: २००७ च्या सुमाराची डीडीआर ३, २०१४ ची डीडीआर ४ आणि जिचें मानक २०२० सालीं आलें ती डीडीआर ५. प्रत्येकीची खांच निराळ्या ठिकाणीं असते, म्हणून एकीच्या जागीं दुसरी बसत नाहीं, आणि लॅपटॉपची आंखूड पट्टी घरच्या मोठ्या यंत्रास चालत नाहीं. विंडोज बत्तीस-बिट प्रतीची असेल तर तिला ४,२९,४९,६७,२९६ पत्त्यांपलीकडे, म्हणजे चार जीबीच्या पुढें, सहसा पाहतांच येत नाहीं. तेथें आधीं चौसष्ट-बिट प्रत घालावी लागेल. जागा दोन असतील व एक रिकामी असेल तर जुन्या पट्टीच्या जोडीस तेवढ्याच क्षमतेची दुसरी घालावी. दोन्ही पट्ट्यांतून एकदम ने-आण होते व कांहीं कामांत वेग वाढतो.

दुसरी अडचण आयुष्याची. मायक्रोसॉफ्टनें विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपविला. विंडोज ११ साधारणपणें २०१७-१८ नंतरच्या प्रोसेसरांवरच अधिकृतपणें चालते. त्याहून जुन्या यंत्रांत रॅम घालणें म्हणजे सोडावयाच्या बिऱ्हाडास रंग देणें होय. अपवाद एकच: घरांत कोणी लिनक्स घालून वापरण्यास तयार असेल, तर त्याच जुन्या यंत्रावर आणखी कांहीं वर्षें निघूं शकतात.

राहिला भावाचा प्रश्न. पुष्कळ वर्षें शहाणपण असें मानलें जाई कीं, आज नको, थांबा, रॅम स्वस्त होईल. २०२५ च्या उत्तरार्धानें हें शहाणपण फसविलें. जगांतील बहुतेक रॅम सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्या तयार करतात, आणि त्यांचा ओढा कृत्रिम बुद्धिमत्तेच्या विराट संगणककेंद्रांना लागणाऱ्या खास स्मृतीकडे वळला. तींत तेवढ्याच क्षमतेस सिलिकॉन अधिक लागतें, म्हणून घरगुती पट्ट्यांस तें कमी उरलें व किंमती झपाट्यानें चढल्या. डिसेंबर २०२५ मध्यें मायक्रॉननें सामान्य गिऱ्हाइकांसाठींचा आपला क्रूशियल हा व्यवसाय बंद करण्याचें जाहीर केलें. चोळ्याच्या एका खोलींतील खर्चाचा निर्णय असा दूरच्या कारखान्यांतील निर्णयांस जाऊन भिडला आहे. म्हणून भाव उतरण्याची वाट पाहत अभ्यासाचें वर्ष घालविणें जसें योग्य नाहीं, तसें भाव आणखी चढेल या भीतीनें, गरज न मोजतां, पट्टी आणून ठेवणेंही योग्य नाहीं.

चढ्या भावांत जुन्या पट्टीचा विचार करण्यास लाज वाटण्याचें कारण नाहीं. रॅममध्यें फिरणारा भाग नसतो व ती सहसा लवकर झिजत नाहीं. ग्रँट रोड स्टेशनजवळच्या लॅमिंग्टन रोडवर, म्हणजेच डॉ. भडकमकर मार्गावर, संगणकाच्या सुट्या भागांचा मोठा बाजार आहे. ठाकुर्लीहून दादरला गाडी बदलून तेथें जातां येतें. जातांना जुन्या पट्टीवरील चिठ्ठीचें छायाचित्र बरोबर न्यावें, म्हणजे पिढी, क्षमता आणि वेग तोंडीं सांगण्यांत गफलत होत नाहीं. न चालल्यास परत घेण्याची अट पावतीवर लिहून घ्यावी, आणि घरीं आल्यावर मेमरी तपासणारी आज्ञावली रात्रभर चालवून पाहावी. एक जरी चूक निघाली तरी पट्टी परत करावी, कारण सदोष रॅम मंदपणापेक्षां वाईट. ती गुपचुप हिशेब बिघडविते.

आणि पैसे काढण्यापूर्वीं एक बिनखर्ची आठवडा जाऊं द्यावा. यंत्र सुरू होतांच आपोआप चालू होणाऱ्या आज्ञावली टास्क मॅनेजरमधूनच बंद करतां येतात. वर्ग चालू असतांना इतर पृष्ठें मिटावीं, आणि दोन न्याहाळकांऐवजीं एकच उघडावा. पावसाळ्यांत यंत्र चालू न होतां नुसतें पिंपिं करीत राहिलें तर रॅम गेली असें लगेच समजूं नये. दमट हवेंत पट्टीच्या सोनेरी दातांवर मळ बसतो, आणि कारागीर ती काढून पेन्सिलीच्या रबरानें हलकेच पुसून पुन्हां बसवितात. अशा आठवड्यानंतर रात्रीं नऊचे आंकडे पुन्हां लिहावेत. तेही पूर्वींसारखेच निघाले तर आईच्या वहींत हा खर्च निःशंकपणें मांडावा.

पट्टी बसविणें तसें सोपें आहे. विजेची तार आधीं काढावी, लॅपटॉप असेल तर त्याची बॅटरीही सोडवावी, आणि चालू करण्याचें बटण क्षणभर दाबून उरलेली वीज जाऊं द्यावी. हात धातूला लावून अंगांतील स्थिर वीज घालवावी व पट्टी कडांनींच धरावी. खांच जुळत नसेल तर जोर करूं नये. पिढी चुकलेली असते. मोठ्या यंत्रांत खटके बसल्याचा आवाज येईपर्यंत दोन्ही टोकें सारखीं दाबावींत. पहिल्यांदा यंत्र सुरू होण्यास नेहमींपेक्षां जास्त वेळ लागूं शकतो; तेवढ्यानें बटण पुन्हां पुन्हां दाबूं नये. मग टास्क मॅनेजर उघडून एकूण आंकडा वाढला आहे कीं नाहीं तें पाहावें, आणि कांहीं भाग चित्रदर्शनासाठीं राखलेला दिसला तर दुकानदारानें फसविलें असें मानूं नये. पुष्कळ घरगुती यंत्रांत पडद्यावरील चित्रही याच रॅममधून आपला वांटा घेतें.